कमी लाडाची झाडं: कुंडीत आणि वाफ्यात काय लावावं?

नर्सरीत हल्ली एक पाटी हमखास दिसते: ‘लो मेंटेनन्स’. तिच्या आसपास कोरफड, स्नेक प्लांट, झेडझेड, जेड, बोगनवेल अशी मंडळी मांडलेली असतात. आपण विश्वासाने दोन-चार कुंड्या उचलतो आणि काही महिन्यांत त्यांतल्या निम्म्या सडतात, नाहीतर वाळून काडी होतात. शेजाऱ्यांकडे मात्र तेच झाड, कुणी ढुंकूनही न बघता, कमरेला लागेल एवढं झालेलं. मग ‘आमच्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं म्हणून विषय संपतो. हाताचा यात फारसा दोष नसतो. पाटीवर अर्धीच माहिती लिहिलेली असते.

देखभाल ही एक वजाबाकी आहे

झाडाला जगायला मोजक्या गोष्टी लागतात: उजेड, पाणी, मुळांना हवा आणि जागा, थोडं अन्न, सोसवेल इतपत उष्णता. यातलं जेवढं ती जागा आपणहून देते तेवढं फुकट. जे कमी पडतं ते आपण पुरवायचं आणि जे जास्त होतं ते आपण आवरायचं. या फरकाचंच नाव देखभाल. म्हणून एकट्या झाडाकडे बघून ते कमी कष्टाचं की जास्त, हे सांगता येत नाही. झाड आणि जागा अशी जोडीच विचारात घ्यावी लागते. कायम ओल राहणाऱ्या कोपऱ्यात निवडुंग लावला तर तो वाचवता वाचवता नाकी नऊ येतात. त्याच कोपऱ्यात कर्दळ मात्र आपसूक माजते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. बेथ चॅटो या बागकर्मी बाईंनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या नर्सरीच्या जुन्या गाडीतळावर बाग करायला घेतली. जमीन रेताड, गोट्यांची. तो भाग इंग्लंडमधल्या सगळ्यात कमी पावसाच्या भागांपैकी. एकदा रोपं रुजली की या बागेला पाणी घालायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. माती बदलून नाजूक झाडं लाडाने वाढवण्याऐवजी त्यांनी तशाच कोरड्या, दगडाळ प्रदेशांत वाढणारी झाडं शोधून लावली. ती बाग आजही पाहायला मिळते. त्यांचं सूत्र ‘योग्य जागी योग्य झाड’ एवढंच होतं. ऐकायला अगदी साधं वाटतं, पण आपण सगळे नेमकं उलट करतो: आधी झाडाच्या प्रेमात पडतो आणि मग ते ठेवायला जागा शोधतो.

पानाकडे बघून तहान ओळखता येते

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९७ टक्क्यांहून जास्त पाणी झाडाच्या अंगी लागतच नाही, ते पानांवाटे हवेत उडून जातं. पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. झाडाला अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आत घ्यायचा तर ही छिद्रं उघडावी लागतात. ती उघडली की आतली ओल बाहेर पळते. एका गोष्टीसाठी दुसरी गमवायची, असा हा व्यवहार आहे.

कमी पाण्यावर निभावणाऱ्या झाडांनी हा व्यवहार स्वस्त करण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा शोधल्या. कोरफड, घायपात, जेड, स्नेक प्लांट ही झाडं छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात. रात्री हवा थंड, त्यामुळे पाणी कमी उडतं. आत आलेला वायू ती आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून, उन्हाच्या जोरावर, त्या साठ्यातून अन्न करतात. साठा मर्यादित असल्याने ही झाडं सावकाश वाढतात. आपल्याला ते सोयीचंच, कारण छाटणी आणि कुंडी बदलणं दोन्ही लांबतं. काही झाडं पानावर मेणाचा थर चढवतात, काही पान बारीक करतात, काही अंगावर लव वाढवतात. काहींचा साठा जमिनीखाली असतो. झेडझेडची पानं हिरवीगार आणि चकचकीत दिसतात म्हणून त्याला रोज पाणी घालणारे लोक असतात, पण मातीखाली त्याचे बटाट्यासारखे गड्डे पाण्याने भरलेले असतात.

म्हणजे जाड, राखाडी, केसाळ किंवा सुईसारखं पान दिसलं तर झाड काटकसरी समजावं. मोठं, पातळ, मऊ पान म्हणजे बहुधा तहानलेलं झाड. खात्री करायची असेल तर खोडाच्या बुंध्याशी बोटाने माती थोडी बाजूला करून गड्डा किंवा कंद आहे का ते बघायचं.

अशी झाडं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून वर पानं मलूल होतात. मलूल पान बघून आपण आणखी पाणी घालतो. पुढचं सांगायला नकोच.

कुंडीत पाणी वेगळं वागतं

बरेच लोक कुंडीला जमिनीचा छोटा तुकडा समजतात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. जमिनीत वरचं पाणी खाली जातं, कारण खालची माती ते ओढत राहते. कुंडीच्या तळाशी ही ओढ तुटते. भोक असलं तरी तळाजवळची माती पाणी धरून बसते.

भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरून बघा. ठिबकणं पूर्ण थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच आणि त्यातलं पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही असंच आहे. तळाशी चिंब राहणाऱ्या थराची जाडी मातीवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ, पसरट भांड्यात त्या थरानेच बरीचशी जागा व्यापलेली असते, तर उंच कुंडीत मुळांना वर पुष्कळ मोकळी, हवेशीर माती मिळते. निवडुंग वर्गातली झाडं दिसायला छान म्हणून उथळ तसराळ्यात लावतात. त्यात माती भरड हवी, नाहीतर ती टिकत नाहीत.

इथेच तळाला खडे घालण्याची पिढीजात सवयही तपासायला हवी. बारीक मातीखाली खडे असले तर माती पुरती चिंब झाल्याशिवाय पाणी खड्यांत उतरत नाही. म्हणजे खड्यांनी निचरा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जाणं, सुधारत नाही. चिंब थर तेवढा वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी ठेवली तर ठीक. निचरा हवा असेल तर भरड वाळू, पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके, पांढरे खडे) किंवा सालीचे तुकडे सगळ्या मातीतच मिसळावे लागतात.

आकाराचा हिशेबही बघण्यासारखा आहे. २० सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच कुंडी, आणि ४० सेंटिमीटर रुंद-उंच कुंडी. दुसरी दुप्पट वाटते, पण तिच्यात माती आठपट मावते. पाणी उडून जाणारा पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. म्हणून मोठी कुंडी सावकाश वाळते आणि पाण्याची पाळी लांबते. दहा छोट्या कुंड्या सांभाळण्यापेक्षा दोन मोठ्या केव्हाही बऱ्या. एक धोका आहे: मोठ्या कुंडीत एकुलतं चिमुकलं रोप लावलं तर त्याच्या मुळांना एवढी ओल पिता येत नाही आणि माती आंबते. मोठ्या कुंडीत सारख्या तहानेची तीन-चार रोपं एकत्र लावणं बरं.

‘सारख्या तहानेची’ हे महत्त्वाचं. कोरफड आणि नेचा एका कुंडीत लावले तर पाणी कसंही घाला, दोघांतलं एक जाणारच. पाण्याच्या गरजेनुसार झाडांचे गट करायचे, हा कमी पाण्याच्या बागकामातला मुख्य विचार. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ साली अशा बागकामाला ‘झेरिस्केप’ असं नाव दिलं. त्याची जी सात तत्त्वं सांगितली जातात त्यांतलं एक ‘योग्य देखभाल’ हेच आहे. इतक्या काटकसरी पद्धतीतसुद्धा देखभाल शून्यावर आलेली नाही, हे पाटी वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

कुंडी कशाची, हाही प्रश्न असतो. साध्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं, म्हणून ती लवकर वाळते. ज्यांचा हात पाणी घालताना थांबत नाही त्यांच्यासाठी ती चांगली. प्लॅस्टिकची कुंडी ओल धरते. विसरभोळ्यांनी ती घ्यावी.

भिंतीला लागून असलेला वाफा

वाफ्यात मुळांना पाणी शोधत दूर जाता येतं, म्हणून तिथलं काम कुंडीपेक्षा बरंच कमी. पण घराच्या अगदी कडेचा वाफा हा एक वेगळाच प्रदेश असतो. छपराच्या किंवा सज्जाच्या आडोशामुळे तिथे पाऊस पोचतच नाही. अंगण चिंब होतं आणि भिंतीजवळची माती कोरडी ठणठणीत राहते. दुसरीकडे पन्हळीचं पाणी जिथे कोसळतं तिथे डबकं. दुपारभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत राहते. म्हणजे दोन-चार पावलांच्या अंतरात वाळवंट आणि दलदल दोन्ही सापडू शकतात, आणि आपण मात्र सगळ्या वाफ्यात एकाच झाडाची रांग लावून मोकळे होतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बांधकामातलं सिमेंट आणि चुना झिरपून भिंतीजवळची माती अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असलं तरी काही झाडांना ते शोषता येत नाही. एक्झोरा, गार्डेनिया ही आम्ल माती आवडणारी झाडं तिथे पिवळी पडतात: पान पिवळं, शिरा हिरव्या. लोक खतांवर खतं घालत बसतात. दोष जागेचा असल्याने त्यांना भिंतीपासून लांब नेणं किंवा कुंडीत लावणं हाच टिकाऊ इलाज.

भिंतीजवळच्या कोरड्या, तापत्या पट्ट्यात सदाफुली, घायपात, कोरफड, रेन लिली यांना अडचण येत नाही. पन्हळीखाली कर्दळ किंवा स्पायडर लिली लावावी. मधल्या भागात, अर्धवट उन्हात, तगरीसारखं सोशिक झुडूप.

उजेड डोळ्यांनी मोजू नका

आपले डोळे अंधाराला इतके पटकन सरावतात की उजेडाच्या बाबतीत त्यांची साक्ष धरता येत नाही. भर दुपारच्या उन्हात उजेड साधारण एक लाख लक्स असतो (लक्स हे उजेड मोजायचं एकक). खिडकीपासून आत, आपल्याला ‘चांगला उजेड’ वाटणाऱ्या खोलीत तो बहुधा काहीशे लक्सवर आलेला असतो. झाडासाठी हा फरक जेवण आणि उपवास यांच्यातला आहे. फोनमध्ये उजेड मोजणारी अॅप्स मिळतात. अगदी अचूक नसली तरी दोन कोपऱ्यांची तुलना करायला पुरतात. घराबाहेर तेवढीही गरज नाही. एका सुटीच्या दिवशी त्या जागेवर थेट ऊन किती तास पडतं ते पाहायचं. सहा तास किंवा जास्त असेल तर भरपूर ऊन, तीन ते सहा असेल तर अर्धवट, त्याहून कमी तर सावली. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे सरकतो, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा बघावं.

स्नेक प्लांट आणि झेडझेड सावलीत जगतात म्हणून सगळे त्यांना अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलतात. तिथे ती तग धरतात एवढंच. वाढ जवळजवळ थांबते आणि पाण्याची गरजही तितकीच कमी होते. क्रोटनसारखी रंगीत पानांची झाडं सावलीत रंग सोडून हिरवी होत जातात.

पुढे ते केवढं होणार?

नर्सरीतलं रोप म्हणजे बाळ. खिडकीची खालची कड जमिनीपासून एक मीटरवर आणि तिच्याखाली तीन मीटर वाढणारं झुडूप, ही जोडी जमवली की कात्री कायमची हातात आली. एकदा छाटलं की फुटवे आणखी जोमाने येतात. दुरंता, मेंदी यांचं चौकोनी कापलेलं कुंपण फार सुबक दिसतं, पण माझ्या मते घराभोवतीच्या लागवडीत याहून जास्त राबवून घेणारं काही नाही. तीच झाडं मोकळी वाढू दिली तर वर्षाकाठी एखाददुसरी छाटणी पुरते. झुडूप पूर्ण वाढल्यावर जेवढं पसरेल त्याच्या निम्मं अंतर तरी भिंतीपासून सोडावं. सुरुवातीला वाफा विरळ, केविलवाणा दिसतो; तिथे हंगामी फुलं लावून वेळ मारून नेता येते.

‘पण मग फुलंच नकोत का?’

हवीत की. काम वाढवणारी फुलं ती, जी दर हंगामाला नव्याने लावावी लागतात किंवा ज्यांची सुकलेली फुलं खुडली नाहीत तर बहर थांबतो. सदाफुली आपली जुनी फुलं आपणच गाळते आणि बी टाकून पुन्हा उगवते. ऑफिस टाइम म्हणून ओळखला जाणारा पोर्टुलाका तापत्या उथळ कुंडीतही खूश असतो, माती भरड असली म्हणजे झालं. बोगनवेलीचा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो, कारण ज्याला आपण पाकळ्या म्हणतो ती रंगीत पानं आहेत. खरं फूल मधलं ते इवलंसं पांढरं. तिला भरपूर ऊन हवं आणि थोडी उपासमार चालते. पाणी-खत जास्त झालं की ती नुसती पानं आणि काटे काढते. ती फोफावते मात्र जबरदस्त, त्यामुळे ये-जा करायच्या वाटेवर लावू नये.

‘देशी झाड लावलं की प्रश्न मिटला ना?’

बऱ्याच अंशी. त्या भागातल्या पावसाची, किडीची, उन्हाची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. पण घराजवळची माती ही त्या भागातली मूळ माती राहिलेली नसते. पाया खोदताना खालची माती वर आलेली असते, त्यात राडारोडा मिसळलेला असतो, वरून ती तुडवून घट्ट झालेली असते. जंगलात उभं राहणारं झाड इथे रुसू शकतं. मूळ कुठलं याइतकंच, ते झाड त्या भागात कसल्या जागी वाढतं हे विचारावं: ओढ्याकाठी, खडकावर की दाट सावलीत?

‘कापड आणि गोटे अंथरले की तण संपेल?’

वर्ष-दोन वर्षं, हो. मग गोट्यांच्या फटींत धूळ आणि पालापाचोळा साठतो, त्याची माती होते आणि वाऱ्याने आलेलं बी तिथे वरूनच रुजतं. त्याची मुळं कापडात गुंततात आणि उपटणं आधीपेक्षा अवघड होतं. शिवाय गोटे तापतात. लाकडाचा भुसा, सालीचे तुकडे, वाळलेली पानं यांचं आच्छादन, म्हणजे मातीवरचं पांघरूण, ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचं घातलं तर तण दबतं, ओल टिकते आणि कुजून मातीही सुधारते. ते खोडाला चिकटून ठेवू नये, बुंधा कुजतो. दरवर्षी थोडी भर घालावी लागते. मला हे काम कापडात अडकलेलं तण उपटण्यापेक्षा खूपच सोपं वाटतं.

‘खत तरी भरपूर घालू?’

काटकसरी झाडांना नाही. नत्र जास्त झालं की कोवळी, रसरशीत पालवी येते आणि मावा, पिठ्या ढेकूण यांची चंगळ होते. मग फवारण्या. वाफ्याला वरचं आच्छादन बहुतेक वेळा पुरतं. कुंडीत पाण्याबरोबर अन्न धुऊन जातं, म्हणून तिथे वाढीच्या दिवसांत अधूनमधून, सौम्य.

काटकपणाची दुसरी बाजू

कशालाच दाद न देणारी काही झाडं आपल्याला किंवा परिसरालाही दाद देत नाहीत. घाणेरी आणि पिवळ्या फुलांची वेडेलिया दोन्ही हौसेने बागांत लावली जातात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेशी जोडलेल्या तज्ज्ञगटाच्या जगातल्या १०० सगळ्यात त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत दोन्ही आहेत. न बघता वाढणारं झाड कुंपणाबाहेरही न बघता वाढतं.

कण्हेर पाण्याविना उभी राहते, गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण तिचे सगळे भाग विषारी आहेत आणि ते विष हृदयावर परिणाम करतं. डायफेनबेकिया आणि मनी प्लांटच्या पानांत सुयांसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यांत जाणं वाईट. रांगतं मूल, कुत्रं किंवा मांजर घरात असेल तर यांपैकी काही लावण्याआधी विचार करावा, निदान ती हाताला न लागणाऱ्या जागी ठेवावीत.

पहिलं वर्ष सोडून

‘पाणी कमी लागतं’ हे वर्णन रुजलेल्या झाडाचं असतं. नर्सरीच्या पिशवीतून काढलेल्या रोपाची मुळं त्या गोळ्याएवढ्याच जागेत असतात आणि तो गोळा आजूबाजूच्या मातीपेक्षा लवकर वाळतो. त्यामुळे घायपातीपासून तगरीपर्यंत सगळ्यांना पहिले काही महिने नियमित पाणी हवं. झुडपांना वर्षभर, कधी दोन वर्षं. रोज शिंपडून भागत नाही. थोड्या थोड्या पाण्याने मुळं वरच्या थरातच राहतात आणि चार दिवस घर बंद असलं की झाड झोपतं. एकदाच भरपूर, खोलवर मुरेल असं पाणी द्यावं आणि दर महिन्याला दोन पाण्यांतलं अंतर थोडं वाढवत न्यावं. पाणी हवं की नको हे पान बघून ठरवायचं नाही, बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं. आत ओल लागली तर झारी जागेवर ठेवायची.

रोप निवडताना फुलांनी लदलेलं मोठं झाड टाळून लहान, दणकट, फुलं नसलेलं घ्यावं. ते लवकर रुजतं. शक्य असेल तर पिशवीतून थोडं वर उचलून मुळं बघावीत. पांढरट आणि टणक असतील तर चांगलं. गोल गोल गुंडाळून दोरखंड झालेली असतील तर लावल्यावरही ती तशीच फिरत राहतात, म्हणून लावताना बोटांनी मोकळी करावीत किंवा कडेने दोन-तीन उभे छेद द्यावेत.